गर्भिणीचें पान

तुळशीचें लग्न लागलें कीं आपल्याकडे विवाहाचे मुहूर्त निघूं लागतात. घराघरांतून याद्या होतात : शालू किती घ्यावयाचे, मंगळसूत्राचा घाट कोणता, पंगतीला जिलबी असावी कीं श्रीखंड. पत्रिका पाहतांना गण, नाडी आणि मंगळ यांचा काथ्याकूट चालतो. या सर्व याद्यांत एक ओळ मात्र क्वचितच आढळते. ती म्हणजे वधूच्या रक्तांतील हीमोग्लोबिनचें प्रमाण. ज्या मुलीच्या कुशींत घराची पुढील पिढी वाढावयाची, तिचें रक्त सकस आहे कीं नाहीं, ही चौकशी नाडी जुळविण्याइतकीच निकडीची आहे असें कोणास वाटत नाहीं. ही चौकशी मुलगी नाकारण्यासाठीं करावयाची नसून, आपल्या घरांत आलेल्या मुलीला सबळ करण्यासाठीं करावयाची आहे, हें प्रारंभींच स्पष्ट केलेलें बरें.

गर्भिणीच्या आहाराविषयीं बोलूं लागलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें डोहाळजेवणाचें ताट उभें राहतें. म्हणजे सातवा महिना ! परंतु खरा प्रश्न त्याच्या किती तरी आधीं सुरू झालेला असतो. आपल्या प्राचीन आचार्यांना ही गोष्ट ठाऊक होती. गर्भधारणेस चार गोष्टींची अनुकूलता लागते असें सुश्रुताचार्य शारीरस्थानांत सांगतात. त्या चार म्हणजे ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज. पाऊस वेळेवर पडला, जमीन कसलेली असली, पाणी मिळालें आणि बियाणें कसदार असलें, म्हणजे जसा अंकुर फुटतो, तसेंच येथेंहि समजावें. हा दृष्टांत शेतकऱ्याच्या अनुभवांतून आलेला आहे आणि म्हणूनच तो इतका नेमका आहे. मृगाचा पाऊस पडल्यावर नांगर हुडकावयास निघणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाहीं. मग दिवस राहिल्यावर सुनेच्या आहाराची चिंता करूं लागणाऱ्या घराला काय म्हणावें ?

क्षेत्र : नांगरट आधीं, पेरणी मागाहून

गर्भिणीच्या आहारशास्त्रांतील एका मोठ्या शोधाचा उगम आपल्या मुंबईंत झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १९२८ सालीं ल्यूसी विल्स नांवाची एक इंग्रज विदुषी डॉक्टर मुंबईस आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना एक विशिष्ट प्रकारचा पांडुरोग होई व त्यांत कित्येक दगावत. हा रोग जंतूंमुळें होत नसून अन्नांतील कांहीं तरी उणिवेमुळें होतो, असें तिनें ताडलें. आणि यीस्ट नांवाच्या किण्वाचा अर्क दिला असतां त्या स्त्रिया बऱ्या होतात, असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. तो अज्ञात घटक पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यांत आला. लॅटिन भाषेंत पानाला ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्याचें नांव पडलें फोलिक आम्ल. म्हणजे संस्कृतांत नांव ठेवावयाचें तर त्यास ‘पर्णाम्ल’ म्हणतां आलें असतें.

या पर्णाम्लाचें महत्त्व रक्तापुरतेंच नाहीं. गर्भाचा मेंदू व पाठीचा कणा यांचें मूळ म्हणजे एक सूक्ष्म नलिका होय. ती नलिका गर्भधारणेपासून सुमारे अठ्ठावीस दिवसांत मिटून पूर्ण होते. हा आंकडा वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. अठ्ठावीस दिवस ! म्हणजे पाळी चुकली, चार दिवस वाट पाहिली, मग लाजत लाजत सासूबाईंच्या कानावर गोष्ट घातली, त्यांनीं डॉक्टरीणबाईंकडे नेलें, एवढें होईतों ती नलिका बहुधा मिटलेली असते. ती नीट न मिटल्यास मूल कण्याच्या अथवा मेंदूच्या व्यंगासह जन्मतें. १९९१ सालीं ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें अनेक देशांत मिळून केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या मातांना पूर्वीं असें व्यंग असलेलें मूल झालें होतें, त्यांनीं गर्भधारणेपूर्वींपासून फोलिक आम्ल घेतलें असतां पुन्हां तसें मूल होण्याचा संभव जवळ जवळ तीन चतुर्थांशांनीं घटला.

यास्तव आज जगभर असा उपदेश केला जातो कीं, मूल व्हावें अशी इच्छा असलेल्या स्त्रीनें निदान एक महिना, शक्य तर तीन महिने आधींपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्लाची गोळी घ्यावी व ती गर्भाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवावी. पूर्वीं असें व्यंग झालेलें असल्यास, अथवा मधुमेह वा अपस्मार यांवर औषध चालू असल्यास प्रमाण निराळें लागतें. तें डॉक्टरांनींच ठरवावें. ‘आमच्या घरीं रोज पालेभाजी असते, गोळी कशाला ?’ असा प्रश्न सुज्ञ माताहि विचारतात. पालेभाजी हवीच, परंतु हा घटक पाण्यांत उतरतो व उष्णतेनें नष्ट होतो. भाजी चिरून मग धुणें, भरपूर पाण्यांत उकळणें आणि तें पाणी पिळून टाकणें, या तीन क्रियांनीं त्याचा पुष्कळ भाग मोरींत जातो. भाजी आधीं धुवावी, मग चिरावी, झांकण ठेवून थोड्या पाण्यांत शिजवावी. आणि गोळीहि घ्यावी.

क्षेत्रशुद्धीच्या कालमर्यादेविषयीं मुंबईंतच झालेला आणखी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. २००६ सालापासून तेथील झोपडपट्टींतील सुमारे साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेपूर्वींपासून रोज एक खाद्यपदार्थ देण्यांत आला. निम्म्या जणींच्या पदार्थांत हिरवा पाला, फळें व दूध होतें. उरलेल्यांच्या पदार्थांत बटाटा, कांदा असल्या कमी सत्त्वाच्या भाज्या होत्या. निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. एकंदर पाहतां बाळांच्या वजनांत फरक पडला नाहीं. परंतु ज्या स्त्रियांनीं गर्भधारणेपूर्वीं निदान तीन महिने तो सकस पदार्थ खाल्ला होता, त्यांच्या बाळांचें वजन सरासरी ४८ ग्रॅमनीं अधिक भरलें. शिवाय सकस पदार्थ खाणाऱ्या ज्या स्त्रियांची पुढें तपासणी झाली, त्यांत गरोदरपणींचा मधुमेह शेंकडा सात जणींस आढळला, तर दुसऱ्या गटांत शेंकडा बारा जणींस. अठ्ठेचाळीस ग्रॅम म्हणजे फार नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु तीच भाजी व तेंच दूध उशिरां सुरू करणाऱ्यांस तेवढेंहि पदरांत पडलें नाहीं, यांतील बोध मोलाचा आहे.

तेव्हां विवाहानंतर, अथवा दुसऱ्या मुलाचा विचार मनांत येतांच, पुढील गोष्टी कराव्या. रक्ताची तपासणी करून हीमोग्लोबिन पाहावें. त्याबरोबर ग्रीवाग्रंथि व साखर हींहि तपासावीं. फार कृश असल्यास वजन वाढवावें, फार स्थूल असल्यास तें बेतानें उतरवावें. दोन बाळंतपणांत निदान दोन वर्षांचें अंतर ठेवावें. कारण एकदां पीक घेतलेली जमीनहि कांहीं काळ पडीक ठेवावी लागते.

बीज : पतीचाहि वांटा

संततीचा विषय निघाला कीं सर्व पथ्यें स्त्रीच्या माथीं मारण्याची आपली जुनी खोड आहे. वस्तुतः पुरुषबीज तयार होण्यास सुमारे सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात. त्या काळांत पुरुषानें ओढलेली विडी, घेतलेलें मद्य आणि चघळलेला तंबाखू यांचा परिणाम त्या बीजावर होतो. शिवाय घरांतील धूर गर्भिणीच्या श्वासांत जातो तो वेगळाच. म्हणून तीन महिन्यांचें व्रत दोघांनीं मिळून घ्यावें. पत्नीला दूध पिण्याचा आग्रह करणाऱ्या पतिराजांनीं स्वतःच्या खिशांतील सिगारेटचें पाकीट आधीं बाहेर टाकावें, हें बरें.

अंबु : पोषण किती आणि कशाचें

आतां दिवस गेल्यानंतरच्या आहाराकडे वळूं. ‘तूं आतां दोन जिवांची, दोघांचें खा’, हें वाक्य प्रत्येक घरांत उच्चारलें जातें. त्यामागचें प्रेम खरें, परंतु हिशेब खोटा. आपल्या देशाच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं जीं प्रमाणें ठरविलीं, त्यांनुसार गर्भवतीस नेहमीच्या आहारापेक्षां सुमारे ३५० कॅलरींचें अधिक अन्न लागतें. एक पोळी, वाटीभर दाट वरण आणि पेलाभर दूध, एवढ्यांत ती भर होते. सुश्रुताचार्यांनीं गर्भिणीच्या वर्ज्य गोष्टींत अतितर्पण आणि अतिकर्षण या दोहोंचाहि उल्लेख केला आहे. अति खाऊं घालणें वाईट आणि अति उपाशी ठेवणेंहि वाईट. आपल्या समाजांत हे दोन्ही दोष एकाच घरांत नांदतात, हें आश्चर्य ! तिसऱ्या महिन्यांत ओकाऱ्यांनीं हैराण झालेल्या मुलीकडे कोणी पाहत नाहीं, आणि सातव्या महिन्यांत तीच मुलगी तूप-साखरेच्या लाडवांखालीं दडपली जाते. मधुमेह आपल्या लोकांत फार. म्हणून गर्भवतीची साखरेची तपासणी चुकवूं नये आणि गोडाधोडास मर्यादा असावी. सामान्य बांध्याच्या स्त्रीचें वजन नऊ महिन्यांत दहा ते बारा किलो वाढावें, हें साधारण प्रमाण आहे.

पहिल्या तीन महिन्यांत अन्न अधिक लागत नाहीं. तें पोटांत टिकणें हीच अडचण असते. चरकाचार्यांनीं गर्भिणीची मासानुमासिक चर्या सांगतांना पहिल्या महिन्यांत साधें दूध प्रकृतीस मानवेल तेवढें घ्यावें, असें म्हटलें आहे. त्यांतील ‘मानवेल तेवढें’ हा भाग सासूबाईंनीं विशेष लक्षांत ठेवावा. अंथरुणांतून उठण्यापूर्वीं मूठभर लाह्या अथवा राजगिऱ्याची वडी खावी. दर दोन तासांनीं थोडें थोडें खावें. पाणी घोट घोट प्यावें. फोडणीच्या वासानें मळमळत असेल तर चुलीपाशीं दुसऱ्या कोणीं तरी उभें राहावें. पाणीहि पोटांत ठरत नसेल व लघवी कमी होत असेल, तर घरगुती उपाय करीत न बसतां डॉक्टरांकडे न्यावें.

यानंतर प्रश्न रक्ताचा. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील गर्भवतींपैकीं शेंकडा ५२ जणींच्या रक्तांत हीमोग्लोबिन अपुरें आढळलें. ‘हें गरिबांत असेल’, असें समजून पान उलटूं नये. त्याच पाहणींत सुखवस्तु घरांतील स्त्रियाहि या दोषांतून सुटलेल्या नाहींत. गर्भवतीचें हीमोग्लोबिन ११ च्या खालीं असणें म्हणजे पांडुरोग. अशा स्त्रीस प्रसूतींतील थोडाहि रक्तस्राव झेपत नाहीं. बाळ अपुऱ्या दिवसांचें अथवा कमी वजनाचें होण्याचा धोका वाढतो. यास्तव शासनाच्या योजनेप्रमाणें चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली गोळी १८० दिवस, आणि प्रसूतीनंतरहि तितकेच दिवस द्यावयाची असते. सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य मिळते. गोळीनें शौचास काळें होतें, क्वचित् मळमळतें. त्यास भिऊन गोळ्या फडताळांत लपवूं नयेत. जेवणानंतर अथवा रात्रीं निजतांना घेतल्यास त्रास कमी होतो.

गोळी घेऊनहि रक्त वाढत नाहीं अशी तक्रार कित्येक जणी करतात. त्याचें एक कारण बहुधा चहाच्या कपांत सांपडेल. चहा-कॉफींतील द्रव्यें लोहास बांधून ठेवतात व तें रक्तांत शिरूं देत नाहींत. जेवणापूर्वीं व नंतर निदान एक तास चहा घेऊं नये. उलट लिंबू, आंवळा, पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्व लोहाला साहाय्य करतें. वरणभातावर लिंबू पिळण्याची आपल्या पूर्वजांची चाल रुचीसाठीं असो वा अन्य कशासाठीं, ती रक्तवर्धक आहे खास. मोड आलेली मटकी, चवळी, हरभरा, तीळ, मेथी, चवळईचा पाला, अळू हे सारे पदार्थ आलटून पालटून असावे. मोड आलेलीं कडधान्यें मात्र कच्चीं न खातां शिजवून खावीं.

अस्थि घडविण्यासाठीं कॅल्शियम हवें. मातेच्या अन्नांत तें नसेल तर गर्भ तें मातेच्या हाडांतून उचलतो. दूध, दहीं, ताक यांबरोबरच आपली कोंकणी-घाटी नाचणी येथें श्रेष्ठ आहे; शंभर ग्रॅम नाचणींत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या गोळ्याहि दिल्या जातात. त्या लोहाच्या गोळीबरोबर एकाच घोटांत घेऊं नयेत. दोहोंत दोन तासांचें अंतर असावें, कारण एकत्र आल्यास तीं परस्परांच्या वाटेंत उभीं राहतात.

आमच्यासारख्या शाकाहारी कुटुंबांनीं एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास हवें. ‘ब-१२’ नांवाचें जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं. शाकाहाऱ्यास तें दूध, दहीं, ताक, पनीर यांतूनच काय तें मिळावयाचें, आणि तेंहि बेताचेंच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. त्यांत दोन गोष्टी ठळकपणें दिसल्या. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध अधिक वेळां खात, त्यांचीं बाळें अधिक भरलेलीं होतीं. आणि सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तांत ‘ब-१२’ उणें होतें. ज्यांच्या रक्तांत फोलिक आम्ल भरपूर परंतु ‘ब-१२’ कमी, अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षींच मधुमेहाकडे नेणारीं लक्षणें अधिक आढळलीं. म्हणून एकट्या पर्णाम्लावर भिस्त न ठेवतां ‘ब-१२’ ची तपासणी करून, उणें असल्यास तें डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावें. ज्या सारस्वत घरांत मासळी चालते, तेथें तारली-बांगड्यासारखी लहान मासळी उत्तम. मुशीसारखे मोठे मासे मात्र पाऱ्याच्या अंशामुळें टाळावे.

मीठ आयोडीनयुक्त असावें. गर्भाच्या मेंदूला तें लागतें. उपवासाच्या निमित्तानें कित्येक घरांत बारमाही सैंधव वापरूं लागले आहेत. गर्भिणीच्या स्वयंपाकांत तो हट्ट नको. दूध तापविल्याखेरीज पिऊं नये. गाड्यावरचीं चिरलेलीं फळें व पाणीपुरी यांस काहीं काळ रामराम ठोकावा.

डोहाळे, समजुती आणि उपवास

डोहाळे ही थट्टेची वस्तु नव्हे. चौथ्या महिन्यांत गर्भिणीच्या ठायीं दोन हृदयें नांदतात, म्हणून तिच्या इच्छा अव्हेरूं नयेत, असा सुश्रुताचार्यांचा अभिप्राय आहे. ‘दौहृद’ या शब्दाशीं आपल्या डोहाळ्यांचा संबंध आहे तो असा. पण प्रत्येक डोहाळा पुरवावयाचा नसतो. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत महाराणी सुदक्षिणेला माती खाण्याचे डोहाळे लागल्याचें कालिदासानें वर्णिलें आहे आणि तिच्या मुखाच्या मृद्गंधानें दिलीप राजा मोहून गेला, असें म्हटलें आहे. काव्य म्हणून तें रमणीय आहे. परंतु आजच्या दिलीपांनीं मोहून न जातां राणीसाहेबांचें रक्त तपासून घ्यावें. माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, भिंतीचा चुना खाण्याची वासना ही पुष्कळदां शरीरांतील लोहाच्या उणिवेची खूण असते. मातींतून जंत व शिसें पोटांत जाण्याचें भय तें निराळेंच.

समजुतींची यादी मोठी आहे, दोन-चारच घेऊं. केशरानें बाळ गोरें होत नाहीं. वर्ण आईबापांकडून येतो, डबींतून येत नाहीं. कच्च्या पपईचा चीक टाळावा हें ठीक. पण झाडावर पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनीं कांहीं बिघडत नाहीं. शेवटच्या महिन्यांत कमी खाल्लें म्हणजे बाळ लहान राहून सुटका सोपी होते, ही समजूत मात्र घातक आहे. पुण्याच्या त्या अभ्यासांत पुऱ्या दिवसांच्या बाळांचें वजन सरासरी २.७ किलो भरलें, तर इंग्लंडांतील साउदॅम्पटन येथील बाळांचें ३.५ किलो. आणि नवल असें कीं, आपलीं बाळें दिसावयास हडकुळीं असलीं तरी त्यांच्या अंगीं मेदाचा अंश मात्र त्या मानानें राखलेला होता. कमी पडले होते ते स्नायु. हीच ठेवण पुढें मधुमेहास निमंत्रण देते असें शास्त्रज्ञ मानतात. आईच्या पानांतील कपात मुलाच्या पन्नाशींत व्याजासह वसूल होते, ती अशी.

उपवासाविषयीं तर आमच्या सनातनी वाचकांनीं निःशंक असावें. व्रतांवरील ग्रंथकारांनीं गर्भिणीला कडक उपवासांतून मोकळीक दिलेली आहे. तिचें व्रत तिच्यासाठीं दुसऱ्यानें करावें अशीहि सोय सांगितली आहे. तेव्हां हरतालिकेचा निर्जळी उपवास, लागोपाठ येणारी संकष्टी व एकादशी, या गर्भवतीकडून करवून घेण्यांत धर्म नाहीं, आणि शास्त्रहि नाहीं. साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढणें म्हणजे पोट भरणें होय, पोषण नव्हे.

आणि पान कोणाचें आधीं ?

इतकें सर्व सांगून झाल्यावर मूळ मुद्दा उरतोच. कोणत्या पदार्थांत काय असतें, हें आजच्या शिकलेल्या मुलींना आम्हां म्हाताऱ्यांपेक्षां अधिक ठाऊक आहे. अडचण ज्ञानाची नाहीं. अडचण पंगतीची आहे. सकाळीं सर्वांचे डबे भरून सून कचेरीस निघते तेव्हां तिच्या डब्यांत काय पडतें ? उरलेली पोळी आणि लोणचें. रात्रीं आधीं मुलें, मग मामंजी, मग दीर-भावोजी, शेवटीं सासूसुना. तोंवर पालेभाजीच्या पातेल्यांत रस उरलेला असतो, वरण पातळ झालेलें असतें, दुधाचें विरजण लावून झालेलें असतें. कोणीं तिला उपाशी ठेवलें, असें नाहीं. कोणाच्या मनांत दुष्टावा आहे, असेंहि नाहीं. केवळ रीत आहे. आणि त्या रीतीमुळें घरांत दूधदुभतें असून घरांतील गर्भिणी रक्तहीन राहते. आमच्या मतें शेंकडा बावन्न हा आंकडा बाजारांतून जितका येतो, तितकाच तो आपल्या माजघरांतूनहि येतो.

ही रीत धर्माची आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं मनुस्मृतीचा तिसरा अध्याय उघडून पाहावा. गृहस्थानें कोणास कोणत्या क्रमानें जेवूं घालावें, हें तेथें सांगितलें आहे. नवविवाहित स्त्रिया, कुमारिका, आजारी माणसें आणि गर्भवती स्त्रिया यांना अतिथींच्याहि आधीं, कसलाहि विचार न करतां, भोजन द्यावें, असा तेथील स्पष्ट आदेश आहे. अतिथीला आपण देव म्हणतों. त्या देवाच्याहि आधीं गर्भिणीचें पान! मनूच्या किती तरी वचनांवर आज वाद होतात आणि ते व्हावेतहि. परंतु स्त्रियांवर बंधनें घालणारीं वचनें ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ केलीं, त्यांच्या नजरेंतून हें एकच वचन नेमकें कसें निसटलें, याचें नवल वाटतें.

तेव्हां आमची सूचना साधी आहे, आणि ती घरांतील कर्त्या माणसांना आहे, सुनेला नव्हे. स्वतःसाठीं आधीं वाढून घेणें कोणत्याहि सुनेला जड जातें; तें काम सासूबाईंनीं किंवा मामंजींनीं करावें. ज्या दिवशीं मुलाबाळाचा विचार घरांत ठरेल, त्या दिवसापासून पहिलें पान तिचें मांडावें. पातेल्यांतील दाट वरण, पालेभाजीचा घट्ट भाग, वाटीभर दहीं, एक फळ व लिंबाची फोड त्या पानांत पडली कीं मग इतरांनीं बसावें. कचेरीस जाणारी असेल तर पहिला डबा तिचा भरावा, आणि त्यांत मधल्या वेळेसाठीं भाजलेले चणे-शेंगदाणे व एखादें फळ असावें. गोळीची आठवण पतीनें ठेवावी. दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. २०१६ सालापासून ही सोय आहे. मोलकरीण, स्वयंपाकीणबाई, शेजारची कोणी गरजू मुलगी यांना ती अवश्य सांगावी. कारण आपल्या घरांत राबणाऱ्या बाईच्या पोटांतील जीवहि त्याच अन्नावर वाढतो.

यास खर्च किती येईल ? पोळी तीच, भाजी तीच, दूध तेंच. फक्त वाढण्याचा क्रम बदलावयाचा. एवढा स्वस्त उपाय वैद्यकाच्या कोणत्याहि पोथींत सांपडणें कठीण.

बाळंतिणीचा आहार, अळीव-डिंकाचे लाडू आणि स्तन्यवृद्धि यांचा विचार पुढील अंकीं करूं.